दुकान आपले, पेठ सर्वांची

ब्रिटनमध्ये गावाच्या मुख्य बाजाररस्त्याला ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. २०१८ मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट हाय स्ट्रीटचा बहुमान वेल्समधील क्रिकहॉवेल या गावाला मिळाला. गावाची वस्ती जेमतेम दोन हजार. अस्क नदीवरचा जुना दगडी पूल, मागे डोंगर आणि एका छोट्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेकरी, पुस्तके, चष्मे, कपडे, लोखंडी सामान यांची दुकाने. त्यांपैकी बहुतेक दुकाने स्थानिक कुटुंबांच्या मालकीची आहेत. त्याच दशकात ब्रिटनमधील शेकडो गावांचे बाजाररस्ते ओस पडत होते आणि नामांकित दुकानसाखळ्या दिवाळखोरीत निघत होत्या. अशा काळात एवढ्याशा गावाने आपली पेठ कशी राखली, हे जाणून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबांपुढे तोच प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. बाह्यवळण रस्त्यावर वातानुकूलित सुपर मार्केट आले आहे, मोबाइलवरून मागवलेला माल थेट उंबरठ्यावर येतो आणि शिकून आलेला मुलगा गल्ल्यावर बसण्यास उत्सुक नाही.

बाजाररस्ते का ओस पडले

इंग्लंडमधील बाजारगावांचा इतिहास जुना आहे. मध्ययुगात आठवडी बाजार भरवण्याची सनद राजाकडून मिळत असे. मँचेस्टरजवळच्या ऑल्ट्रिंगम या गावाला अशी सनद १२९० मध्ये मिळाली. पुढे सातशे वर्षे आसपासच्या खेड्यांतील शेतकरी माल घेऊन येत राहिला आणि जाताना कापड, मीठ, अवजारे घेऊन जात राहिला. या येण्याजाण्यातूनच हाय स्ट्रीट उभी राहिली.

तिला पहिला धक्का बसला तो मोटारीमुळे. १९८० नंतर गावाबाहेर, महामार्गालगत, मोफत पार्किंगची सोय असलेली प्रचंड खरेदीसंकुले उभी राहिली. ऑल्ट्रिंगमपासून काही मैलांवर १९९८ मध्ये ट्रॅफर्ड सेंटर सुरू झाले आणि गावातील ग्राहक तिकडे वळला. दुसरा धक्का इंटरनेटचा. ब्रिटनच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइन विक्रीचा वाटा २००६ च्या अखेरीस सुमारे ३ टक्के होता, तो २०२० च्या आरंभी, करोनाची टाळेबंदी लागण्यापूर्वीच, २० टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता.

तिसरे कारण कराचे आहे आणि व्यापाऱ्याला ते लगेच उमजेल. तिकडे दुकानाच्या जागेवर ‘बिझनेस रेट्स’ नावाचा कर असतो आणि तो सर्वसाधारणपणे जागा वापरणाऱ्याने भरायचा असतो. इंग्लंडमध्ये लहान दुकानांना २०१७ पासून मोठी सवलत मिळाली. परंतु ज्यांना ती लागू नव्हती, त्यांच्यासाठी कराचा मूळ दर त्या काळात जागेच्या वार्षिक भाडेमूल्याच्या जवळजवळ निम्मा होता. मोक्याच्या रस्त्यावरील दुकानाचे भाडेमूल्य जास्त, म्हणून करही जास्त. ऑनलाइन कंपनीचे गोदाम मात्र स्वस्त जमिनीवर असते. त्यामुळे एकाच वस्तूच्या विक्रीवर दोघांवर पडणारा भार सारखा राहत नाही.

या तिन्ही धक्क्यांचा परिणाम साखळी दुकानांवर प्रथम दिसला. वूलवर्थ्सचे ब्रिटनमधील पहिले दुकान १९०९ मध्ये लिव्हरपूल येथे उघडले होते. २००८-०९ च्या हिवाळ्यात तिची आठशेहून अधिक दुकाने काही आठवड्यांत बंद झाली आणि सुमारे २७,००० नोकऱ्या गेल्या. २०१६ मध्ये बीएचएस आणि २०२१ मध्ये डेबनहॅम्स त्याच वाटेने गेले. साखळी दुकानांनी स्थानिक व्यापाऱ्याला आधीच मागे सारलेले होते. आता तीच उठून गेल्यावर रस्त्यावर मोठमोठी रिकामी दालने उरली. दालन रिकामे पडले की शेजारच्या दुकानापुढून जाणारी माणसे कमी होतात, मग तेही दुकान बंद पडते. एका दुकानाचे नुकसान असे सबंध रस्त्याच्या खाती जमा होते.

मदत आली, परंतु पुरली नाही

ब्रिटिश सरकारने किरकोळ विक्रीक्षेत्रातील तज्ज्ञ मेरी पोर्टास यांच्याकडे हा विषय सोपवला. त्यांचा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २८ शिफारशी होत्या. त्यानुसार २०१२ मध्ये बारा ठिकाणांची निवड झाली आणि त्यांना मिळून बारा लाख पौंड, म्हणजे सरासरी एकेक लाख पौंड, देण्यात आले. नंतर आणखी पंधरा ठिकाणे निवडली गेली. वर्तमानपत्रांत प्रसिद्धी भरपूर झाली. रिकाम्या दुकानांची संख्या मात्र बहुतेक ठिकाणी अपेक्षेप्रमाणे घटली नाही.

त्याची कारणे हिशेबी माणसाला समजण्यासारखी आहेत. मिळालेला पैसा एकदाच येणारा होता. जागेचे भाडे, कर आणि मालकी या खर्चाच्या मूळ बाबींना त्याचा स्पर्शही झाला नाही. अनेक इमारतींचे मालक दूरच्या शहरांतील गुंतवणूक कंपन्या असल्याने गाळा रिकामा राहिला तरी त्यांच्याशी बोलणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

डेव्हन परगण्यातील टॉटनेस या गावाने वेगळा मार्ग धरला. गावातला पैसा गावातच फिरावा म्हणून तेथे २००७ मध्ये ‘टॉटनेस पौंड’ हे स्थानिक चलन सुरू झाले. कल्पना सुंदर होती, परंतु लोक रोखीऐवजी कार्डाने पैसे देऊ लागले आणि २०१९ मध्ये हा प्रयोग थांबवावा लागला. त्याच गावाचा दुसरा प्रयत्न मात्र यशस्वी झाला. २०१२ मध्ये कॉस्टा या कॉफी साखळीला तेथे दुकान उघडण्याची परवानगी मिळाली होती. गावकऱ्यांनी आपली स्थानिक कॉफीगृहे पुरेशी आहेत असे ठामपणे सांगितले आणि परवानगी हाती असूनही कंपनीने माघार घेतली.

क्रिकहॉवेलने इमारत विकत घेतली

क्रिकहॉवेलची गोष्ट यापुढे एक पाऊल जाते. गावाच्या मध्यवस्तीत ‘कॉर्न एक्स्चेंज’ नावाचे जुने मद्यगृह बंद पडले होते. त्या जागी एका राष्ट्रीय साखळीचे सुपर मार्केट येण्याची चिन्हे दिसू लागली. तसे झाले असते तर बेकरीपासून किराण्यापर्यंत रस्त्यावरील प्रत्येक दुकानाचा थोडाथोडा धंदा तिकडे गेला असता. गावाने निषेधाच्या सभा घेतल्या, परंतु तेवढ्यावर काम थांबवले नाही. दोनशेहून अधिक रहिवाशांनी भाग घेऊन भांडवल उभे केले आणि ती इमारतच विकत घेतली. पुढे तिच्यात स्वतंत्र व्यापाऱ्यांसाठी तीन दुकाने निघाली, शिवाय राहण्यासाठी सदनिका निघाल्या.

या व्यवहारात दान कोठेही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी भाग घेतले, त्यांना मालमत्ता मिळाली, तिचे भाडे येऊ लागले. शिवाय या मालमत्तेत कोणता भाडेकरू ठेवायचा, याचा निर्णय गावाच्या हाती आला. रस्त्याचे भवितव्य अखेर जागेच्या मालकाच्या सहीवर ठरते, हे त्या गावाने ओळखले होते.

याच गावातील व्यापाऱ्यांनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट केली आणि ती बीबीसीच्या माहितीपटामुळे देशभर पोहोचली. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या नफा परदेशातील कंपन्यांकडे वळवून कर वाचवतात आणि लहान दुकानदार मात्र पुरता कर भरतो. मग बेकरीवाला, पुस्तकविक्रेता, चष्मेवाला अशांनी एकत्र येऊन त्याच कायदेशीर पळवाटांचा अभ्यास केला, तशीच योजना स्वतःसाठी तयार केली आणि ती कर खात्यापुढे ठेवली. कर चुकवणे हा त्यांचा हेतू नव्हता. ही वाट एक तर सर्वांना खुली असावी, नाहीतर सर्वांना बंद असावी, एवढेच त्यांना दाखवून द्यायचे होते. एकेकट्या दुकानदाराचे म्हणणे कोणी ऐकले नसते, सबंध रस्त्याचे म्हणणे ऐकावे लागले.

ऑल्ट्रिंगम: बाजाराला पुन्हा बाजार बनवले

ऑल्ट्रिंगमची परिस्थिती क्रिकहॉवेलहून वाईट होती. २०१० च्या सुमारास तेथील जवळजवळ ३० टक्के दुकाने रिकामी होती आणि ओसाड बाजाररस्त्याचे उदाहरण म्हणून त्या गावाचे नाव घेतले जात असे. सुधारणा सुरू झाली ती गावाच्या जुन्या बाजारपासून. एकोणिसाव्या शतकातील बाजारगृहाची इमारत २०१४ मध्ये नव्याने उघडली. मध्ये लांबलचक सामाईक टेबले आणि भोवती स्वतंत्र लहान व्यावसायिकांची स्वयंपाकघरे, अशी तिची रचना होती. ज्याला स्वतःचे दुकान काढणे परवडणारे नव्हते, त्याला येथे एका ठेल्यापासून सुरुवात करता आली. लोक जेवायला, भेटायला, बसायला येऊ लागले आणि मग भोवतालच्या गल्ल्यांतही दुकाने उघडू लागली. २०१५ मध्ये गावाचे नवे रुग्णालयही मध्यवस्तीतच उभे राहिले. त्यामुळे उपचारासाठी येणारा माणूस बाजारातूनच जाऊ लागला. काही वर्षांत रिकाम्या दुकानांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. २०१८ च्या ज्या स्पर्धेत क्रिकहॉवेल सबंध ब्रिटनमध्ये पहिले आले, त्याच स्पर्धेत इंग्लंडपुरता पहिला मान ऑल्ट्रिंगमला मिळाला.

स्टॉक्टन या उत्तरेकडील बाजारगावाने तर उलटा विचार केला. काडेपेटीतील काडीचा शोध लावणाऱ्या जॉन वॉकर यांचे औषधांचे दुकान याच गावाच्या हाय स्ट्रीटवर होते आणि त्यांनी १८२७ मध्ये तेथेच काड्या विकण्यास आरंभ केला. अशा या गावात दुकाने गरजेपेक्षा जास्त झाली आहेत, हे नगर परिषदेने मान्य केले. तिने मध्यवस्तीतील दोन खरेदीसंकुले विकत घेतली, व्यापारी एका संकुलात एकत्र आणले आणि दुसरे पाडून तेथे नदीपर्यंत जाणारे उद्यान करण्याचे ठरवले. पाडकाम २०२२ मध्ये सुरू झाले. विखुरलेली दुकाने जवळ आली आणि लोकांना तेथे थांबावेसे वाटले, तर विक्री आपोआप वाढते, असा त्यामागचा हिशेब आहे.

वर्गणी काहींची आणि लाभ सर्वांचा?

बाजार सुधारायचा तर सफाई, दिवे, रखवाली, जाहिरात यांना पैसा लागतो. आपल्याकडेही व्यापारी असोसिएशन वर्गणी गोळा करते. शंभरांतील चाळीस देतात, साठ देत नाहीत, आणि दिवाळीतील रोषणाईचा लाभ मात्र शंभरही जण घेतात. पुढच्या वर्षी त्या चाळिसांतील दहा जण हात आखडता घेतात.

या दुखण्यावर कॅनडातील टोरंटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये उपाय शोधला. त्यांनी सरकारकडून असा कायदा करून घेतला की, ठरावीक हद्दीतील सर्व व्यापाऱ्यांना वर्गणी बंधनकारक असावी आणि तिचा विनियोग व्यापाऱ्यांच्याच मंडळाने करावा. हीच पद्धत २००३ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये आली. तेथे प्रथम व्यापाऱ्यांचे मतदान होते. मतांची संख्या आणि जागांचे करमूल्य या दोन्ही मापांनी बहुमत मिळाले तरच योजना लागू होते. त्यामुळे मोठे दुकानदार लहानांवर किंवा लहान मोठ्यांवर ती लादू शकत नाहीत. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. काम पसंत पडले नाही तर पुढच्या मतदानात योजना संपते. आज ब्रिटनमध्ये अशी तीनशेहून अधिक मंडळे आहेत.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना सरकार व्यापाऱ्यांना कौल देत असे आणि काही वर्षे करांत सूट मिळत असे. पेठेची देखरेख शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे. दुकाने वाढवणे, उदीम आणणे, पेठेची आबादी राखणे ही त्यांची जबाबदारी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली आणि १९१७ मध्ये जयसिंगपूर हे नवे व्यापारी गाव उभे केले. पेठ आपोआप होत नाही, ती वसवावी लागते, ही जाण आपल्याकडे पूर्वापार आहे. आपल्याकडे आज सक्तीच्या वर्गणीचा तसा कायदा नाही. परंतु लेखी ठराव, जाहीर हिशेब आणि ठरावीक मुदत या तीन गोष्टी स्वेच्छेनेही स्वीकारता येतात. समजा, पेठेत दोनशे दुकाने आहेत आणि प्रत्येकाने दरमहा ५०० रुपये दिले, तर वर्षाला बारा लाख रुपये जमतात. तेवढ्यात एक पूर्णवेळ व्यवस्थापक, दोन रखवालदार आणि सफाईची व्यवस्था होऊ शकते.

आपल्या पेठेचे दुखणे निराळे

ब्रिटनमधील दुकान बंद पडले की काचेवर ‘भाड्याने देणे’ अशी पाटी लागते आणि साऱ्या गावाला ते दिसते. आपल्याकडे पेठेचा ऱ्हास असा उघड दिसत नाही. दुकान वडिलोपार्जित असते किंवा पागडीचे असते. भाडे नाममात्र असल्याने धंदा मंदावला तरी शटर रोज उघडते. गल्ल्यातली विक्री निम्म्यावर आली, हे केवळ घरच्या माणसांना ठाऊक असते. म्हणून उपायाला सुरुवात होईपर्यंत उशीर झालेला असतो.

भाड्याच्या कायद्याचाही यात भाग आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा ठेवली. परंतु बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण नाही. त्याचा अर्थ असा की, कंपनीला दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळण्याची मालकाला खात्री वाटते, तर स्थानिक दुकानदाराला दिलेली जागा अडकून पडेल अशी भीती वाटते. कायद्याचा रोख भाडेकरूला आधार देण्याचा होता. नव्या स्थानिक व्यापाऱ्याला मात्र त्यामुळेच जागा मिळणे कठीण झाले.

येथे व्यापारी कुटुंबांच्या दाराशीच प्रश्न येऊन ठेपतो. तालुक्याच्या पेठेतील मोक्याच्या इमारती बहुधा व्यापारी घराण्यांच्याच असतात. एकच कुटुंब दुकानदार असते आणि जागामालकही असते. बाहेरची साखळी कंपनी भाड्याचा प्रस्ताव घेऊन येते, तेव्हा ती याच कुटुंबाच्या दिवाणखान्यात बसते.

त्या वेळी केवळ भाड्याचा आकडा पाहून चालत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, कंपनी तळमजल्यासाठी दरमहा ८०,००० रुपये देण्यास तयार आहे आणि स्थानिक व्यापारी ६०,०००. वर्षाचा फरक २,४०,००० रुपये. आता त्याच कुटुंबाचे त्याच पेठेत किराणा व जनरल मालाचे दुकान आहे, वार्षिक विक्री दीड कोटी आणि ढोबळ नफा १५ टक्के, असे धरू. नव्या साखळीने या विक्रीचा पाचवा हिस्सा ओढून नेला तर तीस लाखांची विक्री आणि साडेचार लाखांचा ढोबळ नफा जातो. नोकरांचे पगार, वीज, कर्जाचे व्याज यांत मात्र कपात होत नाही. वरचे २,४०,००० रुपये भाडे मिळूनही कुटुंब वर्षाला २,१०,००० रुपयांनी मागे राहते. शेजाऱ्यांचे नुकसान तर या हिशेबात धरलेलेच नाही.

हे गणित प्रत्येक वेळी असेच येईल असे नाही. पेठेत न मिळणारी वस्तू विकणारे दुकान आले, एखादी बँक किंवा तपासणी प्रयोगशाळा आली, तर ती ग्राहक आणते आणि सर्वांचा लाभ होतो. म्हणून प्रश्न कंपनीला विरोध करण्याचा नाही. सही करण्यापूर्वी कागदावर दोन्ही बाजू मांडण्याचा आहे. स्थानिक व्यापाऱ्याला जागा देतानाही ठरावीक मुदतीचा, नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार वकिलाच्या सल्ल्याने केला, तर जागा अडकण्याची भीती बरीच कमी होते.

क्रिकहॉवेलचा मार्गही आपल्याकडे अशक्य नाही. चाळीस कुटुंबांनी अडीच-अडीच लाख घातले तर एक कोटी होतात. खासगी मर्यादित कंपनीत दोनशेपर्यंत सभासद घेता येतात. एक कोटीच्या इमारतीचे दरमहा ६०,००० रुपये भाडे आले तर ते वर्षाला ७.२ टक्के पडते. कर आणि दुरुस्ती वजा जाता हा परतावा मुदत ठेवीपेक्षा थोडा कमीच भरेल. परंतु इमारत हाती राहते आणि पेठेचा एक नाका आपल्या निर्णयाखाली येतो.

बस्त्याचे अर्थशास्त्र

लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी खेड्यातून आलेले कुटुंब आठवून पाहावे. जीप भरून माणसे सकाळी येतात. कापडाच्या दुकानात दोन तास जातात. तेथून सराफाकडे, मग भांड्यांच्या दुकानात, बांगड्यांच्या गल्लीत, शिंप्याकडे, पत्रिकेच्या छापखान्यात. दुपारी खानावळीत जेवण होते, संध्याकाळी परतताना किराण्याची यादीही उरकते. कापड दुकानदाराने आणलेले गिऱ्हाईक असे आठ-दहा दुकानांना पोसते. एखादे मोठे कापड दुकान बाह्यवळण रस्त्यावर गेले, तर त्याच्या मागोमाग बांगडीवाल्याची आणि खानावळवाल्याचीही विक्री जाते. त्यांना मात्र बाह्यवळणावर जागा घेणे परवडत नाही.

म्हणून पेठेने काही कामे एकत्रच करायला हवीत. पहिले काम रस्त्याचे. दुकानदाराची स्वतःची गाडी सकाळी दहा ते रात्री आठ दुकानापुढे उभी राहिली, तर अर्ध्या तासाला एक या हिशेबाने वीस गिऱ्हाइकांची जागा ती अडवते. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. गर्दीच्या बाजारात माणसांना निवांत चालता आले तर काय घडते, हे दुकानदारांना त्यातून डोळ्यांनी पाहता आले. लहान गावात आठवड्यातून एक संध्याकाळ असा प्रयोग करणे अवघड नाही.

दुसरे काम फेरीवाल्यांशी समझोता. आठवडी बाजाराचा भाजीवाला हा पेठेचा प्रतिस्पर्धी नसतो, खेड्यातला ग्राहक त्याच्यामुळेच गावात येतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक नगर परिषदेत पथविक्रेता समिती असावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाले असावे लागतात. व्यापारी संघटनेलाही त्या समितीत स्थान असते. जागा आखून देण्याचे भांडण रस्त्यावर करण्यापेक्षा तेथे बसून मिटवणे सर्वांच्या हिताचे आहे.

तिसरे काम स्थानिक खरेदीचे. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे २०११ मध्ये सत्तर कोटी पौंडांचा खरेदीसंकुलाचा प्रकल्प रद्द झाला. त्यानंतर तेथील परिषद, विद्यापीठ आणि इतर मोठ्या सार्वजनिक संस्थांनी आपली खरेदी शक्य तेथे स्थानिक पुरवठादारांकडे वळवली. शहरातच होणारा त्यांचा खर्च २०१२-१३ मध्ये पाच टक्के होता, तो २०१६-१७ मध्ये अठरा टक्क्यांवर गेला. आपल्या गावांतही शाळा, पतसंस्था, साखर कारखाने, रुग्णालये आणि धर्मादाय न्यास वर्षाकाठी मोठी खरेदी करतात. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर पुष्कळदा व्यापारीच असतात. वह्या, गणवेश, फर्निचर, छपाई यांची दरपत्रके गावातील दुकानांकडूनही मागवावीत, इतका ठराव करणे त्यांच्या हाती आहे. दर आणि दर्जा तुल्य असेल तरच घ्यावे. संधी मात्र द्यावी.

चौथे काम भांडवलाचे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने किरकोळ व घाऊक व्यापाराला प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत समाविष्ट केले आणि व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली. दुकानाचे नूतनीकरण किंवा मालाचा साठा यांसाठी बँकेकडे जाताना ही नोंदणी उपयोगी पडते. मात्र बँक पाहते ती विक्री कागदावर दिसणारी असते. पक्के बिल आणि नियमित विवरणपत्र ही त्यासाठीची पहिली पायरी आहे. घरपोच माल देण्याची सोयही वीस दुकानांनी मिळून एक माणूस आणि एक वाहन ठेवून करता येते. एकट्याला न परवडणारी सेवा त्यामुळे परवडू लागते.

वारस नसलेली दुकाने

शेवटचा प्रश्न पैशाचा नाही. पेठेतील अनेक दुकानांच्या पुढच्या पिढीने नोकरीसाठी पुणे, मुंबई किंवा परदेश गाठला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु वडील थकले की चालता धंदा, ओळखीचे ग्राहक आणि घाऊक व्यापाऱ्याकडील पत हे सारे एका दिवसात मावळते आणि उरते ती केवळ जागा.

प्रत्येक व्यापारी संघटनेने यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. कोणता गाळा रिकामा आहे, कोणाचा करार केव्हा संपतो, कोणत्या दुकानाला वारस नाही, या तीन नोंदी तिच्यात असाव्यात. दुसऱ्या पानावर गावातील अशा तरुणांची नावे असावीत, ज्यांना धंदा करायचा आहे परंतु जागा नाही. ऑल्ट्रिंगममध्ये नवख्यांनी ठेल्यापासून सुरुवात केली. आपल्याकडे अर्धा गाळा किंवा सणासुदीचे दोन महिने देऊन तशी सुरुवात करता येईल. आणि ज्या दुकानात एखादा विश्वासू मुनीम वीस-पंचवीस वर्षे राबला आहे, ग्राहकाला नावाने ओळखतो, उधारीची वही ज्याला तोंडपाठ आहे, त्याला भागीदारीत घेऊन दुकान चालू ठेवण्याचा विचार मालकाने शटर कायमचे ओढण्यापूर्वी एकदा जरूर करावा. मालकाच्या मुलाला ते दुकान नको असेल, मुनिमाच्या मुलाला हवे असू शकेल.